चाळीस अधिक चाळीस

मराठी घरात पंख्याला जो मान आहे तो घरच्या कर्त्या पुरुषालाही नाही. पाहुणा आला की यजमान आधी पंखा लावतो आणि मग "या, बसा" म्हणतो. पाहुणा उठायचे नाव घेईना, की तोच यजमान "थंडी वाजते का हो तुम्हाला?" असे विचारून पंखा बंद करतो. मंगल कार्यालयात पहिली गर्दी होते ती पंख्याखालच्या खुर्च्यांवर. वधूवरांकडे लोक नंतर बघतात. आमच्या बँकेत बदली होऊन नवा माणूस आला, की तो साहेबांना भेटण्यापूर्वी छताकडे बघतो. आपले टेबल पंख्याखाली आहे की दोन पंख्यांच्या बरोबर मधल्या दुष्काळी पट्ट्यात आहे, ह्यावर त्याचे पुढल्या तीन वर्षांचे भवितव्य अवलंबून असते. आता शाखेत वातानुकूलन आहे म्हणा! पण ते बहुतेक काळ दुरुस्तीवाल्याची वाट बघण्यात घालवते, त्यामुळे पंख्यांची गादी अजून शाबूत आहे.

ह्या पंख्याकडून आपण वारा मागितला, शांतता कधीच मागितली नाही. पंख्याने वारा द्यावा आणि त्या मोबदल्यात थोडी कुरकुर करावी, हा करार आपल्या आजोबा-पणजोबांनी केला आणि आपण तो निमूट पुढे चालवला. माझे सारे बालपण एका पंख्याच्या टक्‌-टक्‌-टक्‌ अशा तालावर गेले. वीज गेली की तो ताल थांबे आणि घरातले सगळे एकदम जागे होत. उकाडा जाणवायला पाच मिनिटे लागत. झोप मोडायची ती त्या अचानक पडलेल्या शांततेने.

असे असताना आमच्या डोंबिवलीच्या घरात दीड वर्षापूर्वी दोन पंखे आले, ज्यांचा वारा घरातल्या एकाही माणसाला लागत नव्हता. ते चिरंजीवांच्या संगणकाच्या पोटात होते. त्यांचे काम ग्राफिक्स कार्ड नावाच्या वस्तूला वारा घालणे. घरात तीन माणसे घामाघूम आणि दोन पंखे एका पत्र्याच्या डब्यात कोंडलेले, हे पाहून माझ्यातला वाणिज्य शाखेचा पदवीधर कळवळला.

"हे कार्ड करतं तरी काय?" मी विचारले.

"बाबा, पडद्यावर जे दिसतं ना, त्याचा ठिपका न्‌ ठिपका ते काढतं."

"किती ठिपके?"

त्याने आडवे १९२० आणि उभे १०८० सांगितले. मी मनातल्या मनात गुणाकार केला. वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे! आणि हे सगळे सेकंदाला साठ वेळा. आमच्या शाखेत एवढ्या नोंदी करायला सांगितल्या असत्या तर संघटनेने दुपारीच गेट-मीटिंग घेतली असती. हे कार्ड बिचारे कुरकुर न करता... नाही, कुरकुर करत होते. तीच तर सगळी कथा आहे.

काम केले की अंग तापते, हा नियम कार्डालाही लागू आहे. चिरंजीवांचे कार्ड भर कामात दोनशे वॉट वीज खाते आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्या रूपाने परत करते. म्हणजे माझ्या लहानपणचे शंभराचे दोन पिवळे बल्ब हाताच्या पंजाएवढ्या जागेत लावून ठेवायचे आणि ते तापू द्यायचे नाहीत. म्हणून कार्डाच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते, तिला हीटसिंक म्हणतात, आणि त्या चळतीवर हे दोन पंखे. कार्ड तापेल तसे पंखे पळतात. पळतील तसे ओरडतात.

ह्या ओरडण्यालाही इतिहास आहे. २००३ साली एनव्हिडिया कंपनीचे एफएक्स ५८०० अल्ट्रा नावाचे एक कार्ड बाजारात आले. त्याचा आवाज इतका गाजला, की लोक त्याला केस वाळवायचे यंत्र म्हणू लागले. शेवटी कंपनीनेच एक विनोदी चित्रफीत काढली आणि तीत हे कार्ड पाला-पाचोळा उडवायच्या यंत्राला जोडून दाखवले. स्वतःच्या मालाची चेष्टा स्वतःच करणारा व्यापारी मला तरी दुसरा माहीत नाही. आमच्याकडे तक्रारपेटी आहे, पण तिची किल्ली कुणाकडे आहे ते शोधायला एक स्वतंत्र तक्रार करावी लागेल.

आमचे कार्ड त्या मानाने सभ्य होते. दिवसभर त्याचे पंखे चक्क बंद असत. पण चिरंजीव ॲनिमेशन शिकतात आणि ॲनिमेशनचे खरे काम रात्री चालते. त्याने एक बेडूक तयार केला होता. तो दहा सेकंद उडी मारणार होता. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे दहा सेकंदांची दोनशे चाळीस. एकेक चित्र काढायला कार्डाला दोन मिनिटे. म्हणजे दहा सेकंदांच्या उडीला आठ तास! बेडूक रात्री अकराला जमिनीवरून उठे आणि सकाळी सातला, दूधवाला आल्यावर, पाण्यात पडे. तेवढा वेळ दोन्ही पंखे मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनी फिरत. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी आणि कुणाचा तरी वर्षाचा गहू तिच्यात घातलेला असावा, असा तो आवाज होता.

संगणक हॉलमध्ये, कारण टेबल मावेल अशी तेवढीच जागा. हॉलमध्येच आईची कॉट. पण घरात शांत झोपे ती एकटी आई. तिला कमी ऐकू येते हे आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षे माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. फक्त तो विषय काढायचा नाही असा घराचा अलिखित ठराव आहे.

गिरणी घरात आल्यापासून घराचे बोलणे बदलले. कार्डाला संध्याकाळीही काम असे, त्यामुळे जेवणाची वेळ गिरणीतच जाई. "जरा आमटी वाढ" हे वाक्य माणसाने कोणत्या स्वरात म्हणावे ह्याला काही संकेत आहेत. आमच्याकडे ते शिवाजी पार्कच्या सभेतल्यासारखे म्हटले जाऊ लागले.

"अहो, विजेचं बिल भरलंत का?" ही स्वयंपाकघरातून.

"भरलं! काल भरलं!" मी.

"किती आलं?"

मी आकडा सांगे. तो वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई. एकदा शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, साखर मागितली, आणि दारातच थांबून हळूच म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना?"

ह्या सगळ्या गलक्यात आई मात्र फुलली होती. विजेचे बिल ऐकून ती म्हणे, "एवढं? मग त्या गिझरचं बटण कोण विसरतं?" बेडकाविषयी तिची ठाम मते होती: "अरे, बेडूक असा उडत नाही. आमच्या गावच्या विहिरीवर ये, दाखवते. आधी मागचे पाय लांब होतात." चिरंजीवांनी बेडकाचे मागचे पाय लांब केले आणि त्याच्या सरांनी नेमके त्या पायांचे कौतुक केले. त्या दिवशी आईने स्वतः उठून शिरा केला. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईला घरातल्या प्रत्येक विषयात तोंड घालता यावे, ह्यासारखे टॉनिक नाही.

पण गिरणी ती गिरणी. हिचे डोके दुखू लागले. मी कोणतीही गोष्ट ओरडून सांगू लागलो, अगदी बँकेतसुद्धा. एका खातेदाराला मी त्याची शिल्लक अशी काही सांगितली, की रांगेतल्या शेवटच्या माणसाने त्याच्याकडे आदराने पाहिले. अखेर हिने जाहीर केले, "एक तर ह्या घरात तो पंखा राहील, नाही तर मी." चिरंजीव क्षणभर विचारात पडल्यासारखे दिसले, तेव्हा मी तातडीने मध्ये पडलो.

कोणताही प्रश्न सोडवायचा तर आधी आकडे हवेत, हे आमच्या विद्याशाखेचे ब्रीद आहे. चिरंजीवांनी मोबाइलवर आवाज मोजायची सोय काढली. आईच्या कॉटपाशी अठ्ठेचाळीस डेसिबल. मी लगेच कायद्याचे बोट धरले. आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले आणि त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे.

"तीन जास्त आहेत," मी म्हणालो.

"बाबा, तो नियम घराबाहेरच्या आवाजाचा आहे. आणि डेसिबलमध्ये तीन म्हणजे तीन नसतात. तीन म्हणजे दुप्पट."

"कशाच्या दुप्पट?"

"आवाजाच्या शक्तीच्या. समजा, चाळीस डेसिबलचा एक पंखा आहे. शेजारी तसाच दुसरा लावला तर किती होतील?"

"ऐंशी."

"त्रेचाळीस."

चाळीस अधिक चाळीस बरोबर त्रेचाळीस! गेली चोवीस वर्षे मी रोज संध्याकाळी रोकड जुळवतो आहे. अशी बेरीज आमच्या शाखेत कुणी केली असती तर तो पहिल्याच दिवशी घरी बसला असता आणि उरलेले सदतीस कुठे गेले ह्याचा शोध घ्यायला मुंबईहून तपासनीस आले असते. पण चिरंजीवांनी ते चक्रवाढ व्याजासारखे समजावून दिले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आवाजाची शक्ती दसपट झाली की डेसिबलमध्ये दहा वाढतात, आणि आपल्या कानाला मात्र तो आवाज साधारण दुपटीनेच मोठा वाटतो. म्हणजे निसर्गाने कानात एक हिशेबनीस बसवला आहे आणि तो येणाऱ्या प्रत्येक रकमेवर भरमसाट सूट देतो. तसे नसते तर लग्नाच्या वरातीजवळून एकही माणूस शुद्धीत गेला नसता.

उपाय असा, की त्या दोन छोट्या पंख्यांऐवजी दोन मोठे पंखे लावायचे. मूळचे नव्वद मिलिमीटरचे, पातळ. नवे एकशेवीसचे आणि चांगले इंचभर जाड. मोठे पाते एका फेरीत जास्त वारा ढकलते, म्हणून फेऱ्या कमी लागतात. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण त्याला लागणारी शक्ती एक अष्टमांश होते आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. हे मला लगेच पटले, कारण आमच्याकडे दोन रोखपाल आहेत. एक टेबलावर शिक्के आपटतो, ओरडतो, दोनदा पाणी पितो आणि दिवसाला दीडशे माणसे काढतो. दुसरा शांत बसतो, एका हाताने नोटा आणि दुसऱ्याने शिक्का, आणि तेवढीच माणसे काढतो. पहिल्याला दरवर्षी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून घड्याळ मिळते. आवाजाशिवाय काम झालेले वरिष्ठांना दिसत नाही.

खरेदीसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. ह्या रस्त्याचे नाव कधीचेच डॉ. भडकमकर मार्ग झाले आहे, पण १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला तो लॅमिंग्टन काही केल्या लोकांच्या जिभेवरून उतरत नाही. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. तिथल्या दुकानदाराने आमची मागणी ऐकून माझ्याकडे दयेने पाहिले. "साहब, कार्ड तो ठीक चल रहा है ना? फिर पंखा क्यूँ निकालते हो? वॉरंटी जाएगी." मी म्हणालो, "घर की शांती के लिए." तो विवाहित असावा. त्याने पुढे एक शब्द न बोलता दोन खोकी काढली.

पंखे ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचे होते. एका पंख्याच्या किमतीत छताचा एक चांगला पंखा आला असता, आणि त्याचा वारा निदान मला तरी लागला असता. रंग म्हणाल तर चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. खोक्यावर घुबडाचे चित्र, कारण लॅटिनमध्ये नॉक्टुआ म्हणजे घुबड. कल्पना चांगली आहे. घुबडाच्या पंखांच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते, त्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही आणि उंदराला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. पण हे आईला पटवणे अवघड गेले.

"पैसे देऊन घुबड आणलंत घरात?"

"आजी, ते लक्ष्मीचं वाहन आहे!" चिरंजीव ओरडले. गिरणी तेव्हा चालूच होती.

"लक्ष्मी त्याच्यावर बसून येते की जाते, ते आधी विचार," आई म्हणाली.

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. जमिनीवर जुनी चादर अंथरली. चिरंजीव सर्जन, मी परिचारिका. माझे काम बशीत स्क्रू जमा करणे आणि त्यांची संख्या मोठ्याने सांगणे. हे काम मला जमते. कार्ड बाहेर काढले, वरचे प्लॅस्टिकचे आवरण चार स्क्रू काढून उचलले, मूळ पंखे सोडवले. हीटसिंकची पत्र्यांची चळत मात्र हलवायची नव्हती. तिच्याखाली चिपला उष्णता वाहून नेणारा लेप लावलेला असतो आणि चळत उचलली तर तो पुन्हा नव्याने लावावा लागतो. दीड वर्षाची धूळ ब्रशने काढली. ती एवढी निघाली, की ही म्हणाली, "हॉल मी रोज झाडते, मग धूळ जाते कुठे, ते आज कळलं."

सातवा स्क्रू बशीत न पडता कपाटाखाली गेला. मी पट्टी घेऊन पालथा पडलो. स्क्रूबरोबर एक बटण, बेडकाच्या आकाराचा खोडरबर आणि चार आण्याचे नाणे बाहेर आले. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. म्हणजे ते नाणे कपाटाखाली लपून राहिले आणि तिथेच निवृत्त झाले. मी ते पुसून देव्हाऱ्यात ठेवले.

नवे पंखे पत्र्यांच्या चळतीवर ठेवून दातेवाल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळले. ज्या यंत्रात चिपवरच्या तारा केसाहूनही कितीतरी बारीक, ते शेवटी सुतळीने बोचके बांधावे तसे बांधायचे, हे पाहून मला फार बरे वाटले. कार्डावरचा सॉकेट छोटा आणि पंख्यांचा प्लग मोठा, म्हणून मध्ये जोडायला एक वायर आणलीच होती. ह्या वायरच्या चारांपैकी एका तारेतून पंख्याला वेगाचा हुकूम जातो, सेकंदाला पंचवीस हजार ठोके देऊन. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो, त्यामुळे हा हुकूम आपल्याला ऐकू येत नाही. आमच्या साहेबांना ही पद्धत शिकवायला हवी.

संगणक सुरू केला. बेडकाला उडी मारायला सांगितली. आम्ही तिघे डब्याला कान लावून बसलो. काही नाही. पंखे फिरत होते, मिनिटाला नऊशे फेऱ्या, आणि आवाज म्हणाल तर कुणी झोपेत सुस्कारा टाकावा तेवढा. कार्डाचे तापमान पूर्वी अठ्ठ्याहत्तर अंशांवर जाई, ते सत्तरला थांबले. आईच्या कॉटपाशी मोबाइलने तेहतीसचा आकडा दाखवला. पंधरा डेसिबलची बचत! ही म्हणाली, "अगंबाई, आपल्या घरात घड्याळ वाजतं!"

आणि खरेच वाजत होते. त्या रात्री मला कितीतरी आवाज नव्याने भेटले. फ्रिज मधूनच अंग झाडतो. बाथरूमचा नळ मिनिटाला अकरा थेंब टाकतो; मी मोजले. दूर रुळांवरून जाणारी शेवटची कर्जत लोकल ऐकू आली. सगळ्यांत मोठा आवाज घराबाहेर काढला, की दुसऱ्या नंबरचा लगेच त्याच्या खुर्चीवर बसतो. आमच्या बँकेतही पदोन्नती अशीच होते.

घराचे बोलणेही आपोआप उतरले. आमटी मागताना मला आता फक्त वाटी पुढे करावी लागे. विजेचे बिल पूर्वीसारखे नवराबायकोतले गुपित झाले. शेजारच्या काकूंनी साखर मागायचे सोडून दिले.

आठवडा असा गेला. मग माझ्या लक्षात आले, की आई पानावरून लवकर उठते. गिझरच्या बटणाविषयी तिने कित्येक दिवसांत चौकशी केलेली नाही. एका रात्री तिने मला कॉटपाशी बोलावले.

"तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?"

"नाही गं. का?"

"मग कुजबुजता का सगळे? माझ्यापासून काही लपवायचंय का?"

मी नाही नाही म्हणालो. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने तिने चिरंजीवांना विचारले, "तुझा बेडूक आता उडत नाही का रे?"

"उडतो की आजी. आता तो भिंतीवरून उडतो," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, घरात हल्ली बोलत होतो त्या आवाजात.

आई हसली. मान हलवली आणि "छान, छान" म्हणाली.

हे हसू मी चांगले ओळखतो. ते मी चोवीस वर्षे काउंटरच्या काचेतून पाहत आलो आहे. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनर मंडळी येतात. आपण सांगतो, "आजोबा, हयातीचा दाखला राहिलाय." ते हसतात, मान हलवतात, "बरं, बरं" म्हणतात आणि तिथेच उभे राहतात. ऐकू न आलेल्या माणसाचे ते हसू असते. पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून ते हसतात. मी काचेला तोंड लावून पुन्हा सांगतो. काचेच्या अलीकडे, माझ्याच हॉलमध्ये, ते हसू मी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. घराचा अलिखित ठराव हिने एका वाक्यात रद्द केला: "आई, आज कान दाखवायचेत, साडी नेसा." डॉक्टरांनी एक दोन टोकांचा धातूचा काटा हातावर आपटला, आधी कानापुढे धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. आईला तो हाडावर जास्त वेळ ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, आतली नस वयाच्या मानाने ठीक आहे. कानातले रिकिबीच्या आकाराचे हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे, शरीरातले सर्वांत लहान, ते जखडले आहे. त्यामुळे आवाज आत पोचेपर्यंत बारीक होतो. पोचला की कळतो स्वच्छ.

मी त्यांना गिरणीची हकिगत सांगितली. ते खुर्चीत सावरून बसले. ते म्हणाले, ही गोष्ट वैद्यकाला साडेतीनशे वर्षे माहीत आहे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टराने १६७२ साली छापलेल्या लॅटिन ग्रंथात एका बहिऱ्या बाईची हकिगत दिली आहे. जवळ ढोल वाजत असला तरच तिला नवऱ्याचे बोलणे ऐकू येई. तेव्हा नवऱ्याने काय करावे? त्याने ढोल वाजवणारा एक नोकर ठेवला! नवराबायकोला काही बोलायचे असले की नोकराने ढोल बडवायचा.

"ह्याचं कारण?" मी विचारले.

"ढोल वाजला की नवरा ओरडून बोलणार. गोंगाटात प्रत्येक माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ साली हे दाखवून दिलं. असा कान असलेल्या माणसाला तो गोंगाटही कमीच ऐकू येतो. तुमच्या आईंना तुमच्या पंख्याचा त्रास नव्हता, आणि फायदा मात्र पुरेपूर होता."

म्हणजे दीड वर्ष आमच्या घरात दोन ढोलवाले पगारी नोकर होते आणि त्यांच्या जिवावर एक बाई संसारात होती.

घरी आल्यावर चिरंजीव काही न बोलता माळ्यावर चढले आणि जुन्या पंख्यांचे खोके घेऊन खाली आले. "आजी," तो तिच्या समोर बसून मोठ्याने म्हणाला, "हे परत लावतो. वीस मिनिटांचं काम आहे." आजकालची मुले कशी असतात ह्यावर बोलायला मला कुणी सभेत बोलावले, तर मी एवढेच सांगेन.

आई बराच वेळ ते पंखे उलटसुलट करून बघत होती.

"मला वाटत होतं, माझे कान सुधारले," ती म्हणाली.

कुणीच काही बोलले नाही. घड्याळ तेवढे वाजत होते, आणि ते तिला ऐकू येत नव्हते.

"ठेव ते वर," ती मग म्हणाली. "सुनेचं डोकं दुखतं त्यानं. तुमच्या दोघांची अक्कल धावली ना त्या डब्यापर्यंत? मग माझ्या कानापर्यंतही धावू दे. ते यंत्र का काय असतं, ते आणा. ऑपरेशन नको."

यंत्र आले. कानामागे बसते, शेंगदाण्याएवढे आहे, आणि त्याचा हिशेब मी इथे मांडत नाही, कारण त्यापुढे ऑस्ट्रियाचे घुबड फुकट वाटेल. पहिल्या दिवशी आईने घरभर फिरून एकेक वस्तू तपासली. नळाला तिने त्याच दिवशी प्लंबर बोलावायला लावला. फ्रिज म्हातारा झाला आहे असा शेरा दिला. रात्री बेडूक उडायला लागला तेव्हा ती कॉटवर उठून बसली.

"हा बारीक सुस्कारा कोण टाकतंय?"

आम्ही तिघे दचकलो. तिथून तो आवाज आमच्यापैकी कुणालाही ऐकू येत नाही. चिरंजीवांनी डब्याकडे बोट दाखवले.

"हं. म्हणजे घुबडच," आई म्हणाली. मग तिने घड्याळाकडे पाहिले. दहा वाजले होते. "तू म्हणालास ना, रात्री दहानंतर पंचेचाळीसचा कायदा आहे? माझा शून्याचा." तिने यंत्र काढले, डबीत ठेवले, डबी उशाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आवाजाची कळ स्वतःच्या हातात असलेला आमच्या घरातला तो एकमेव प्राणी आहे.

आता दिवसभर आमचे घर कुजबुजते आणि आई त्यात तोंड घालते. अडचण फक्त रात्री दहानंतरची. परवा तिने गोळी घेतली की नाही अशी शंका आली, म्हणून मी, ही आणि चिरंजीव तिच्या कॉटभोवती उभे राहून एका सुरात ओरडलो, "गोळी घेतली काऽऽ?"

घेतली होती. सकाळी शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.